जुना ग्राइंडर बघायला

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि अलीकडे हप्त्यावर घेतलेलं एक सीएनसी. पंपाचे शाफ्ट, गिअरबॉक्सच्या पिना, हायड्रॉलिकचे छोटे स्पूल असली कामं. टर्निंग आमच्याकडे होतं, मग माल हार्डनिंगला जातो आणि तिथून शेवटचा हात मारायला शिरोलीच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे. गाडं अडतं ते तिथं. त्याच्याकडे मोठ्या गिऱ्हाइकाची घाई असली की आमची क्रेट कोपऱ्यात जाते. गिऱ्हाईक मात्र शिव्या आम्हाला देतं.

२५ मिलीमीटरच्या शाफ्टला ड्रॉइंगवर ‘एच ६’ लिहिलं असेल, तर चुकायला मिळणारी जागा तेरा मायक्रॉनची. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. भट्टीतून निघालेला शाफ्ट सरळ येत नाही. पोलाद कडक होताना फुगतं आणि वाकतं, आणि जे वाकलं ते आता इतकं कडक की साधं टूल त्याच्यावर घसरतं. हल्ली सीबीएनच्या टिपा लावून कडक जॉबही टर्न करतात, पण लांब बारीक शाफ्ट टूलच्या दाबानं मागे सरतो. ग्राइंडरचा दगडच लागतो.

नव्या सीएनसी ग्राइंडरचं कोटेशन वाचून ते परत पाकिटात घातलं. मग जुना बघायचा ठरलं आणि मेस्त्रींना गाठलं. उद्यमनगरात ग्राइंडिंगवर आयुष्य गेलेला माणूस. आता निवृत्त, पण कुणी मशीन बघायला चला म्हटलं की चप्पल घालून तयार. त्यांनी एकच अट घातली. “टेस्ट बार माझा, डायल माझा, आणि ‘घेऊ’ असं मी म्हणेपर्यंत तुम्ही पैशाचं तोंड उघडायचं न्हाई, मालक.”

गाडीत मागच्या सीटवर त्यांची लाकडी पेटी होती. तिच्यात डायल, मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, व्ही-ब्लॉक, फडक्यात गुंडाळलेली प्रिसिजन लेव्हल, आणि ४० मिलीमीटर व्यासाचा, ३०० लांबीचा बार. बारच्या दोन्ही टोकांची सेंटर होल मेस्त्रींनी स्वतः लॅप केलेली. ग्राइंडरमध्ये जॉब दोन स्थिर सेंटरच्या टोकांवर फिरतो. सेंटर फिरत नाहीत, जॉबच त्यांच्यावर फिरतो. म्हणून गोलाई मशीनच्या बेअरिंगवर कमी आणि सेंटरवर, सेंटर होलवर जास्त अवलंबून असते. होल खराब असेल तर स्विस मशीनसुद्धा बटाटा घासून देतं. मशीनची परीक्षा घ्यायची तर आपला बार निर्दोष हवा.

पहिला मुक्काम बेळगाव, उद्यमबाग. एका बंद पडलेल्या शेडमध्ये ग्राइंडर उभा होता. हिरवागार रंग, हँडलं चकाचक, नावाची पाटी घासून पॉलिश केलेली. मालकाच्या माणसानं अदबीनं सांगितलं, “साहेब, रिकंडिशन केलंय. फक्त लाईट तोडलीय, त्यामुळं चालवून दाखवता येणार नाही.”

लाईट तोडलेली मशीन मी इतक्या वेळा बघितली आहेत की वीज कंपनीनं त्यांच्यासाठी वेगळा विभाग काढावा. पण मेस्त्रींचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. हातानं टेबल एका टोकाला नेलं, बॅटरी तिरपी धरली आणि उघड्या पडलेल्या बेडवर उजेड टाकला. बेडचे मार्ग, म्हणजे एक व्ही आणि एक सपाट, कारखान्यात हातानं स्क्रेप केलेले असतात. त्या स्क्रेपिंगच्या खुणा टोकांना दिसतात आणि मधे पुसल्या जातात, कारण रोजचं काम आखूड जॉबचं असतं आणि टेबल तेवढ्याच पट्ट्यात वर्षानुवर्षं मागं-पुढं करत राहतं. इथं खुणा सगळीकडे सारख्या होत्या, फार सुबक, फार उथळ. मेस्त्रींनी अंगठ्याचं नख फिरवलं. “ही नक्षी हाय. स्क्रेपिंग न्हवं.”

मग लेव्हल काढली. तिची एक खूण म्हणजे मीटरला ०.०२ मिलीमीटर. ती टेबलावर ठेवून टेबल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं. टोकाला टेबल बेडबाहेर लोंबतं, तेव्हा बुडबुडा थोडा हलतो, ते चालतं. इथं तो मधे एकीकडे आणि पुढे दुसरीकडे पळाला. बेडच्या मधल्या भागात खड्डा होता, आणि रंगाची लांबी भरून तो बुजत नसतो.

तिथून निघताना मेस्त्रींनी मला जे समजावलं तीच माझ्या मते जुना ग्राइंडर घेण्याची सगळी विद्या. जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघाला, तर ते घाबरण्यासारखं नाही. ग्राइंडरचं वरचं टेबल खालच्या टेबलावर थोडं फिरवता येतं, ते स्क्रूनं सरकवलं की टेपर निघतो. पण दोन्ही टोकं सारखी आणि पोट जाड, किंवा पोट बारीक, असं निघालं तर त्यावर स्क्रू नाही. तो दोष बेडमध्ये असतो. बेड परत ग्राइंड करून, मग टेबल त्याच्याशी स्क्रेप करून बसवायचं म्हणजे मशीनच्या किमतीइतका खर्च, शिवाय ते करणारे हात आता फार थोडे. लोक चौकशी करतात मोटारीची, पट्ट्यांची, पंपाची. पोटाबद्दल कुणी विचारत नाही.

तर बेळगाव सुटलं, पुढचा मुक्काम बंगळूर. गावातून बाहेर पडताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. १८८८ साली याच बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान टाकलं होतं, आणि पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी माणसाच्या यंत्रवेडाचा उगम सीमेच्या अलीकडे मोजायचा की पलीकडे, यावर मेस्त्रींचं मत विचारलं. ते म्हणाले, कुंदा घ्यायचा राहिला.

धारवाड, हुबळी, हावेरी मागे पडलं. महामार्ग चांगला आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तुंगभद्रा आली की हरिहर. इथं १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. आमच्या पिढीतल्या टर्नरांनी ज्या लेथवर हात बसवला, त्यातल्या कितीतरी इथल्या ओतीव बेडवर उभ्या होत्या. कारखाना बंद पडून वीसेक वर्षं उलटली. लेथ मात्र अजून चालतात. आमच्या शेडमध्येही एक टर्नमास्टर आहे, तिचा चक सोडला तर तक्रारीला जागा नाही. गंमत म्हणजे ज्या १९४१ साली हरिहरला लेथ सुरू झाल्या, त्याच साली उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेलचा ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना निघाला. पुढे अमेरिकेच्या नॉर्टन कंपनीचं नाव त्याला जोडलं गेलं. त्या नॉर्टनच्याच गावात, वुस्टरला, १९०० साली चार्ल्स नॉर्टन यांनी जड बांध्याचा, रुंद दगडाचा ग्राइंडर बांधला. त्याआधी ग्राइंडर हे टूलरूममधलं नाजूक यंत्र समजत. अमेरिकेतल्याच ब्राउन अँड शार्पचा युनिव्हर्सल ग्राइंडर १८७६ चा, आणि तोही अगदी हलक्या हाताचा. नॉर्टन म्हणाले की दगड रुंद करा, बांधा दणकट करा, मग हाच ग्राइंडर उत्पादनाला लावता येईल. मोटारीचे क्रँकशाफ्ट स्वस्त झाले त्यात या दणकटपणाचा वाटा मोठा आहे.

हे सांगायचं कारण म्हणजे गाडीत आमचा वाद चालला होता. मला युनिव्हर्सल हवा होता. त्यात व्हीलहेड फिरतं, वर्कहेड फिरतं, आतून भोक ग्राइंड करायची अटॅचमेंट मिळते. मेस्त्रींना प्लेन हवा होता. “जितके सांधे फिरणार, तितके ढिले होणार. तुमच्याकडं भोकाचं काम हाय किती?” मोजून बघितलं तर वर्षातून चार-दोन ऑर्डरी. एवढ्यासाठी रोजच्या कामाचा ताठपणा घालवायचा नाही, हे दावणगेऱ्याचा लोण्याचा डोसा खाता खाता ठरलं. चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागल्या तोवर मेस्त्री झोपले होते.

तुमकूर रस्त्यानं बंगळुरात शिरलं की आधी प्रदर्शनाच्या मैदानाची ती प्रचंड संकुलं लागतात. इमटेक्स तिथंच भरतं. देशभरचे कारखानदार नवी मशीन बघायला येतात आणि ब्रोशरांच्या पिशव्या भरून नेतात. आम्ही तिथून पुढे गेलो. पीण्या त्याच रस्त्यावर आहे, वरून मेट्रो जाते, खाली गल्ल्यागल्ल्यांतून लेथ, प्रेस आणि प्लेटिंगचा वास. जवळच जालहळ्ळीला एचएमटी. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या मदतीनं लेथ बनवायला उभा राहिलेला सरकारी कारखाना. लोकांना त्याची घड्याळंच आठवतात, पण ती १९६१ नंतरची. एचएमटीनं ग्राइंडरही बनवले, आणि देशातल्या निम्म्याअधिक टूलरूममध्ये ‘के १३०’ नाही तर ‘जी १७’ उभा असायचा, असं मेस्त्री छातीठोकपणे सांगतात. आकडा त्यांचा आहे, पण मीही फारशा टूलरूम त्यांच्याशिवाय बघितलेल्या नाहीत.

पीण्यात जुन्या मशीनची गोदामं आहेत. काही माल इथल्याच कारखान्यांतून निघालेला, काही कंटेनरमधून युरोपातून आलेला. पहिल्याच गोदामात लेस्टरचा जोन्स अँड शिपमन उभा होता. युनिव्हर्सल. असं देखणं मशीन की माझं मन पुन्हा डळमळलं. आतल्या ग्राइंडिंगची अटॅचमेंट जागेवर, डायलवर इंचातले आकडे, हँडव्हील बोटाच्या टोकानं फिरणारं. गोदामवाल्या पोऱ्यानं उत्साहात व्हीलचं बटण दाबलं आणि मेस्त्री ओरडले, “बंद कर!”

या जुन्या ग्राइंडरांचा स्पिंडल गोळ्यांच्या बेअरिंगवर नसतो. तो साध्या बुशमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. थांबलेला असतो तेव्हा धातूवर टेकलेला असतो. म्हणून आधी तेलाचा पंप, काचेत तेल दिसेपर्यंत थांबायचं, मग मोटार. तेल येण्याआधी फिरवला तर बुश ओरखडून निघतं, आणि ते बनवून घेणं म्हणजे पुन्हा तोच बेडसारखा खर्च. या काचेत तेलाची लकेरसुद्धा नव्हती. गोदामात आणल्यापासून असंच कितीदा सुरू केलं असेल, ते पोऱ्यालाच ठाऊक. वर व्हीलचे फ्लँज गायब. फ्लँज ही वस्तू बाजारात तयार मिळत नाही, आणि ती अचूक नसेल तर दगड कधीच बॅलन्स होत नाही. बाजूला स्टुडरचा एक छोटा ग्राइंडरही होता. स्वित्झर्लंडमध्ये थूनजवळचा हा कारखाना १९१२ पासूनचा. त्याची किंमत ऐकून मेस्त्रींनी पेटी उघडलीच नाही.

तिसरं ठिकाण गोदाम नव्हतं, मागच्या गल्लीतलं चालतं वर्कशॉप होतं. वयस्कर कन्नड मालक, हिंदी बेताचं, बोलणं कमी. त्यांचं नवं सीएनसी ग्राइंडर यायचं होतं आणि त्याला जागा करायची होती. कोपऱ्यात ‘के १३०’, प्लेन, मूळचा करडा रंग बऱ्याच ठिकाणी उडालेला, तेलानं काळपट. आम्ही गेलो तेव्हा त्यावर माल चालू होता. मेस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं.

त्यांनी आधी पुली बघितली. ४०० मिलीमीटरच्या दगडाला कडेचा वेग सेकंदाला ३३ मीटर ठेवायचा तर स्पिंडल मिनिटाला साधारण १,५७५ फेरे घेतो. दगड झिजून ३०० वर आला की वेग पडतो, म्हणून काही लोक पुली बदलून फेरे २,१०० वर नेतात. पुढचा मालक त्यावर नवा ४०० चा दगड चढवतो आणि कडेचा वेग ४४ मीटरला जातो. दगड फुटला तर गार्डच्या पत्र्यावर किती विसंबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. इथली पुली मूळची होती.

मशीन अर्धा तास चालू दिलं. मेस्त्री स्पिंडलच्या हाउसिंगवर तळहात ठेवून उभे राहिले. हात ठेववत नाही इतकं तापलं तर बुश आवळलंय, आणि तासानंही गार राहिलं तर मोकळीक वाढलीय. कोमट असावं. कोमट होतं. मग हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून टेबल अगदी मंद सोडलं. खराब मशीन इथं अडखळतं, थांबतं, झटक्यानं पुढे जातं, आणि त्या प्रत्येक झटक्याची पट्टी जॉबवर उमटते. हे सरळ गेलं. उलटताना मात्र एका बाजूला थोडं आपटत होतं.

बार चढवला. दगड हिऱ्यानं ड्रेस करून हलके पास घेतले आणि शेवटी दगड पुढे न सारता टेबल नुसतं फिरू दिलं. ठिणग्या कमी होत होत थांबल्या. ज्या मशीनच्या ठिणग्या थांबतच नाहीत त्याच्यात काहीतरी तणावाखाली वाकलेलं किंवा ढिलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मायक्रोमीटर लावला. टेलस्टॉककडे अठरा मायक्रॉन जाड. मी मेस्त्रींकडे बघितलं, ते मजेत होते. टेबलाचा स्क्रू फिरवला, पुन्हा पास, पुन्हा माप. दोन्ही टोकांत फरक दोनचा. आता मधे. मध्यावर तीन मायक्रॉन जाड.

“पॉट हाय,” मेस्त्री म्हणाले, “पर एवढं चालतंय. बार तीनशेचा हाय. तुमचा जॉब दीडशेचा.”

गोलाईसाठी त्यांनी बार व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून डायलखाली फिरवला. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो, त्यामुळे तीन कंगोऱ्यांचा जॉब त्याला गोलच वाटतो. व्ही-ब्लॉकला ते लपत नाही. काटा जेमतेम हलला.

आता दोष. व्हीलहेड पुढे सारायच्या स्क्रूत मोकळीक भरपूर, हँडव्हीलचा पाचवा हिस्सा रिकामाच फिरत होता. टेलस्टॉकची स्लीव्ह भोकात हलत होती. कूलंटची टाकी गळकी, हायड्रॉलिकचं एक सील गेलेलं, वर्कहेडची पट्टी शेवटच्या घटका मोजणारी. मी कागदावर लिहीत गेलो आणि माझा चेहरा पडत गेला. मेस्त्रींनी कागद हातातून घेतला. दगड नेहमी एकाच दिशेनं मापावर आणायचा असतो, त्यामुळे स्क्रूची मोकळीक सवयीनं सांभाळता येते. टेलस्टॉकचं भोक होन करून नवी स्लीव्ह आपल्याच ग्राइंडरवर ग्राइंड करून बसवायची. टाकी वेल्डिंगवाला करील. सील उद्यमनगरात मिळेल. यादीतलं एकही काम गोकुळ शिरगावच्या बाहेर जाणारं नव्हतं. बेळगावच्या हिरव्या मशीनमध्ये दोष एकच होता, पण तो दुरुस्त करणारा आमच्या पंचक्रोशीत नव्हता. जुनं मशीन घेताना दोष किती हे मोजण्यात अर्थ नाही. ते कुठले आणि कुणाच्या हातानं निघणारे, एवढं बघावं, असं माझं मत आहे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक अजूनही दोष मोजतात आणि कमी दोषांचं मशीन घेऊन येतात.

मेस्त्रींनी मान हलवली, तेव्हा मी पैशाचं बोललो. मालक फार खाली आले नाहीत. पण त्यांनी पाठीमागच्या रॅकमधून तीन फ्लँज, बॅलन्सिंगचा आर्बर आणि स्टँड, दोन स्टेडी, हिऱ्याचे होल्डर आणि तेलकट झालेलं हँडबुक काढून दिलं. हे सगळं बिलात नावानिशी लिहून घ्या, असा मेस्त्रींचा आग्रह. ट्रक येईपर्यंत अशा वस्तूंना पाय फुटतात.

बांधाबांधीचं काम मेस्त्रींनी कुणाला करू दिलं नाही. दगड काढून वेगळा, दोन पुठ्ठ्यांमध्ये उभा. टेबल आणि बेडमध्ये लाकडी ठोकळे. व्हीलहेड मागे नेऊन पाचर. हायड्रा क्रेनचा पट्टा टेबलाखालून घालायला निघालेल्या पोराला त्यांनी मराठीत झापलं, त्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि पट्टा बेडच्या पायाखालून घातला. अडीच-तीन टनांचं धूड आयशरमध्ये बसलं. ई-वे बिल निघालं. ड्रायव्हरला खंडाळ्याचा नाही तरी निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट दोनदा समजावला.

शेडमध्ये मशीन उतरल्यावर मेस्त्रींनी ते लगेच चालवायला दिलं नाही. लेव्हल करून ठेवलं, फाउंडेशन बसू दिलं, मग पुन्हा लेव्हल केलं. दुपारी बेडमधल्या टाकीतलं हायड्रॉलिक तेल तापतं आणि बेड किंचित वर उचलतो, म्हणून सकाळचं माप दुपारी जुळत नाही. आता आमच्याकडे अचूक जॉब मशीन तासभर चालून गरम झाल्यावरच लावतात. टेलस्टॉकची नवी स्लीव्ह बसली. दीडशेच्या शाफ्टवर मधलं पोट मायक्रोमीटरला सापडत नाही. दोन सेंटरमधलं अंतर मात्र सहाशेच्या थोडंच वर आहे, त्यामुळे पंपाचे नऊशेचे शाफ्ट अजूनही शिरोलीलाच जातात, आणि अजूनही कोपऱ्यात पडून राहतात.